किआंती स्वस्त कशी ठरली?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील इटलीच्या वाइनवरचा लेख लक्षपूर्वक वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला अख्खे पान द्यावे याचे समाधान आहे आणि लेखकाने प्रदेशांची व द्राक्षाच्या वाणांची नावे नेटकेपणाने दिली आहेत, हेही मान्य केले पाहिजे. मात्र लेखातील काही निवाड्यांना माझी हरकत आहे. किआंती ही पिझ्झाच्या दुकानात मिळणारी आंबट, स्वस्त वाइन, लाम्ब्रुस्को म्हणजे फेसाळ सरबत आणि बारोलो तेवढी राजघराण्याला शोभणारी, असे तिन्हींचे भवितव्य लेखकाने एका परिच्छेदात ठरवून टाकले आहे. जेवणाच्या बाबतीत तर मांसाबरोबर लाल आणि मासळीबरोबर पांढरी, या एका ओळीवर वाचकाची बोळवण केली आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे फ्लोरेन्समध्ये राहिले. त्या अनुभवावरून सांगते की हे निवाडे तिथल्या जेवणाच्या टेबलावरचे नाहीत. ते साधारण 1970 च्या दशकातल्या अमेरिकी आणि ब्रिटिश दुकानांच्या फळ्यांवर तयार झाले आणि तिथून इंग्रजी पुस्तकांवाटे आपल्याकडे जसेच्या तसे उतरले. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर शेवटचा भाग राखावा, एवढी विनंती सुरुवातीलाच करते.

इटलीतल्या एखाद्या वाइनचे नाव चढले किंवा पडले, तर त्याचे कारण द्राक्षाच्या वाणात शोधण्याआधी त्या नावाची हद्द कोणी, कधी आणि कशासाठी बदलली हे पाहावे लागते, असे माझे मत आहे. हा प्रकार रोमन काळापासूनचा आहे. नेपल्सच्या उत्तरेला मासिको डोंगराच्या उतारावर होणारी फालेर्नम ही रोमन जगातली सर्वांत नावाजलेली वाइन होती. इ.स.पू. 121 मध्ये, ओपिमियस हा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना आलेल्या पिकाची वाइन लोकांनी इतकी जपून ठेवली की जवळजवळ दोनशे वर्षांनी रोमन लेखक प्लिनी लिहीत होता तेव्हाही ती शिल्लक होती, फक्त आटून मधासारखी दाट झाली होती. त्याच प्लिनीने अशीही तक्रार नोंदवली आहे की फालेर्नमच्या प्रदेशाचे नाव आता उतरत चालले आहे, कारण तिथल्या बागायतदारांना प्रतीपेक्षा प्रमाणाची चिंता अधिक आहे. प्लिनी इ.स. 79 मध्ये वेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, म्हणजे ही तक्रार जवळजवळ साडेएकोणीसशे वर्षे जुनी आहे. किआंतीची कहाणी वाचताना ती पावलोपावली आठवते.

किआंती हे मुळात तोस्काना प्रांतातल्या फ्लोरेन्स आणि सिएना या दोन हाडवैरी शहरांमधल्या डोंगराळ पट्ट्याचे नाव. राद्दा, गाइओले आणि कास्तेल्लिना ही त्या पट्ट्यातली जुनी गावे. दगडगोट्यांची हलकी जमीन, ओक आणि चेस्टनटची जंगले आणि त्यांच्या मधल्या उतारांवर द्राक्षबागा. मेदिची घराण्यातला ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने 24 सप्टेंबर 1716 रोजी हुकूम काढून किआंती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वाल्दार्नो दि सोप्रा या चार प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या आणि त्या सीमांबाहेरची वाइन या नावांनी विकण्यास मनाई केली. पोर्तुगालमधल्या पोर्ट वाइनची प्रसिद्ध हद्दबंदी 1756 सालची आहे, म्हणजे किआंतीची तिच्याही 40 वर्षे आधीची. ज्या वाइनच्या नावाचे कायद्याने रक्षण करण्याची गरज एका राज्यकर्त्याला तीनशे वर्षांपूर्वी वाटली, तिला जन्मजात स्वस्त म्हणता येणार नाही. स्वस्त मालाची नक्कल कोणी करत नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रोलिओच्या किल्ल्याचे मालक बेत्तिनो रिकासोली यांनी या वाइनला तिचे आधुनिक रूप दिले. एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान म्हणून इतिहासाला त्यांची ओळख आहे, पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी आपल्या बागांतल्या प्रयोगांत घालवला. पिसा येथील प्राध्यापक स्तुदियाती यांना 1872 साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला निष्कर्ष मांडला आहे: सांजोवेझे या वाणातून वाइनला सुगंध आणि जोम मिळतो, कानाइओलोमुळे तिचा कडकपणा कमी होतो आणि माल्वाझिया या पांढऱ्या द्राक्षामुळे ती पातळ व हलकी होऊन रोजच्या जेवणाला योग्य ठरते, मात्र जी वाइन मुरवत ठेवायची आहे तिच्यात पांढरे द्राक्ष टाळलेले बरे. पुढच्या पिढ्यांनी या पत्रातली कृती उचलली आणि अट सोडून दिली. 1967 साली किआंतीला डीओसी, म्हणजे मूळस्थान-नियंत्रित नावाचा दर्जा मिळाला तेव्हाच्या नियमांत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षे मिसळणे केवळ मान्य नव्हते, तर सक्तीचे होते. या पांढऱ्या द्राक्षांत त्रेब्बिआनो हे भरपूर पीक देणारे आणि चवीला पाणचट असे वाणही होते. रिकासोलींचे नाव पुढे करून, मुरवायच्या वाइनसाठी रिकासोलींनीच नाकारलेली गोष्ट कायद्यात बसवली गेली.

त्याआधीच हद्दीचा घोटाळा होऊन गेला होता. परदेशात किआंती या नावाला मागणी वाढल्यावर मध्य तोस्कानातल्या जवळजवळ प्रत्येक खोऱ्यातून त्या नावाने माल निघू लागला. 1924 साली मूळ पट्ट्यातल्या उत्पादकांनी एकत्र येऊन संघ काढला आणि काळा कोंबडा हे आपले चिन्ह ठरवले; पण 1932 साली सरकारने नेमके उलटे केले. किआंतीची हद्द फ्लोरेन्स, सिएना, पिसा, अरेत्सो आणि पिस्तोइयापर्यंत पसरवून तिचे सात उपविभाग पाडले आणि मूळ गावांच्या पदरात क्लासिको हे विशेषण टाकून त्यांची समजूत काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर तोस्कानातली अर्धेलीची शेती मोडली, कुळे शहरांकडे गेली, आणि ओस पडलेल्या उतारांवर 1960 आणि 70 च्या दशकांत घाईने नव्या बागा लावताना भरघोस उत्पन्न देणारी रोपे निवडली गेली. गवताच्या वेष्टनातली ती गोल बाटली, म्हणजे फियास्को, याच काळात जगभर गेली, आणि आतली वाइन संपल्यावर तिच्यात मेणबत्ती खोचून ठेवण्याची पद्धत पडली. किआंती स्वस्त ठरली ती अशी, हुकूमनाम्याने आणि घाईने. लेखकाने पाहिलेली किआंती हीच असावी.

या व्यवस्थेला पहिला धक्का तोस्कानातल्याच लोकांनी दिला, हा भाग लेखातून पूर्ण गळला आहे. अंतिनोरी घराण्याने 1971 च्या पिकापासून तिन्यानेल्लो ही वाइन किआंतीच्या नियमांबाहेर काढली. राद्दाजवळच्या मोंतेवेर्तिने येथे सेर्जो मानेत्ती यांनी 1977 पासून निव्वळ सांजोवेझेची वाइन केली आणि नंतर संघालाच रामराम ठोकला. समुद्रकिनाऱ्यालगतच्या बोल्गेरीत तर त्याआधीच, 1968 च्या पिकापासून, काबेर्ने द्राक्षांची सास्सिकाइया बाजारात आली होती. कायद्याच्या दृष्टीने या सगळ्या साध्या टेबल वाइन होत्या, म्हणजे इटलीतल्या काही सर्वांत महागड्या बाटल्यांवर सर्वांत खालच्या दर्जाचा शिक्का होता. सरकारी प्रतवारीची इतकी जाहीर फजिती क्वचितच झाली असेल. कायदा मग हळूहळू वाकला: पांढऱ्या द्राक्षांचे प्रमाण घटवले गेले, 1996 पासून किआंती क्लासिको शंभर टक्के सांजोवेझेची करण्याची मुभा मिळाली आणि 2006 पासून तिच्यात पांढरी द्राक्षे घालण्यास बंदी आली. आज नुसती किआंती आणि किआंती क्लासिको ही दोन वेगळी, स्वतंत्र नियम असलेली नावे आहेत, आणि बाटलीवर काळा कोंबडा असेल तरच ती दुसऱ्या प्रकारची, एवढे जरी लेखात सांगितले असते तरी वाचकाचे पैसे वाचले असते.

आता आंबटपणाबद्दल. सांजोवेझेत आम्लता जास्त असते हे खरे आहे आणि ती तुरटही लागते. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, त्यामुळे अर्धवट पिकलेले जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या जशा ओढल्यासारख्या होतात तसे रिकाम्या तोंडी पहिल्या घोटाला होते. परंतु तोस्कानात ती कोणी रिकाम्या तोंडी पीत नाही. फ्लोरेन्सचा बिस्तेक्का हा कियानिना जातीच्या गुरांच्या मांसाचा तीन-चार बोटे जाड तुकडा असतो. निखाऱ्यावर तो बाहेरून करपू देतात, आत लाल राखतात आणि वर फक्त जाडे मीठ, मिरपूड आणि ऑलिव्ह तेल घालतात. त्याचा घास तोंडात असताना तोच घोट घेतला की टॅनिनला धरायला मांसातली प्रथिने मिळतात, चरबीचा थर आम्लाने धुऊन निघतो आणि मघाशी टोचणारी वाइन एकदम मऊ लागते. मांस न खाणाऱ्यांसाठी हाच अनुभव रिबोल्लितामध्ये आहे. काळपट पानांची कोबी, पांढरा घेवडा आणि शिळा पाव एकत्र रटरटून केलेले हे दाट सूप वाढताना वरून नव्या ऑलिव्ह तेलाची धार सोडतात, आणि ते ताजे तेल घशाला चांगलेच झोंबते. तिथल्या पावात मीठ नसते, घेवडा बेचव म्हणावा इतका सौम्य असतो, तेल मात्र तिखट. अशा जेवणाला ज्या आम्लाची गरज असते ते ताटात नसते, ते पेल्यात असते. लेखकाने दोष म्हणून नोंदवलेला गुण हा असा त्या स्वयंपाकाचा अर्धा भाग आहे.

पिझ्झाचेही तसेच. पिझ्झा नेपल्सचा. नेपल्सकर त्याच्याबरोबर बिअर घेतील किंवा जवळच्या सोर्रेंतो द्वीपकल्पातली ग्रान्यानो ही थंड, फेसाळ लाल वाइन. पिझ्झा आणि किआंती यांची जोडी मुख्यतः समुद्रापलीकडच्या, चौकड्याच्या टेबलक्लॉथच्या खानावळींत जमली. मासळी आणि पांढऱ्या वाइनच्या नियमाबद्दल बोलायचे तर तोस्कानाच्याच किनाऱ्यावरच्या लिव्होर्नो बंदरात काच्चुक्को नावाचा माशांचा रस्सा होतो. त्यात टोमॅटो, लसूण, मिरची आणि लाल वाइन घालतात, आणि तो खातानाही कोवळी लाल वाइनच पितात. नियम रंगाचा नाही. ताटातले मीठ, आम्ल, चरबी आणि तिखट यांचा हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब प्रत्येक प्रदेशाने पिढ्यान्पिढ्या आपल्यापुरता करून ठेवलेला आहे.

बारोलोच्या राजेशाहीविषयी माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. नेब्बिओलो द्राक्षाची ही वाइन थोर आहे, याबद्दल दुमत नाही. पण तिचे थोरपण अनादी काळापासूनचे असल्यासारखे लिहिणे चुकीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांमधली नेब्बिओलोची वाइन पुष्कळदा गोडसर निघत असे, कारण हे द्राक्ष उशिरा पिकते आणि थंडी सुरू झाली की आंबण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते. ग्रिंत्साने गावाचा 17 वर्षे महापौर राहिलेला आणि पुढे इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला कावूर, बारोलोची मार्केझा जुलिया फाल्लेत्ती आणि कावूरच्या जमिनीवर तळघराची शिस्त लावणारा पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो हा लष्करी अधिकारी यांच्या काळात ती कोरडी, म्हणजे साखर पूर्ण आंबून गेलेली, आणि टिकाऊ झाली. इतके दिवस याचे श्रेय ऊदार या फ्रेंच व्यापाऱ्याला दिले जात असे. अलीकडचे संशोधन स्ताल्येनोच्या बाजूने झुकते. राजघराण्याशी संबंध आला तो सावोय घराण्याची राजधानी तोरिनो जवळ होती म्हणून.

राजांची वाइन पिकवणारे शेतकरी मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गरीबच होते. तिथल्या अल्बा शहराच्या चौकात दलाल द्राक्षांचा भाव ठरवत आणि गावातली तरुण मुले तोरिनोच्या मोटारींच्या कारखान्यात कामाला जात. ही परिस्थिती 1980 च्या दशकात पालटली, आणि पालटताना घराघरांत भांडणे झाली. तरुणांना फ्रान्ससारखी नव्या ओकची लहान पिंपे आणि लवकर पिता येईल अशी मऊ वाइन हवी होती. वडीलधाऱ्यांना जुनी भली मोठी पिंपे आणि लांबलचक मुरवण पसंत होती. एलिओ अल्तारे याने वडिलांची पिंपे यांत्रिक करवतीने कापून टाकली आणि वडिलांनी त्याला वारसातून वगळले. दुसऱ्या टोकाला बार्तोलो मास्कारेल्लो हे वृद्ध उत्पादक बाटल्यांची लेबले स्वतः हाताने रंगवत आणि त्यांतल्या एकावर त्यांनी लहान पिंपे आणि पंतप्रधान बेर्लुस्कोनी या दोघांनाही एका दमात नकार लिहून ठेवला. वाइनच्या लेबलावर इतकी स्पष्ट राजकीय भूमिका मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आज या भांडणाची धार गेली आहे. नियमानुसार बारोलो निदान 38 महिने, त्यांतले 18 लाकडात, मुरवावी लागते आणि ती लहान पिंपात मुरवावी की मोठ्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

लेखात बारोलोबरोबर काय खावे याचा उल्लेख नाही, म्हणून थोडक्यात सांगते. त्याच वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेले मांस, म्हणजे ब्राझातो, ही तिथली सणासुदीची जोड आहे. भरपूर पिवळ्या बलकाचा ताजारिन हा बारीक शेवयांसारखा पास्ता आणि त्यावर शरद ऋतूत किसलेला अल्बाचा पांढरा ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी, ही दुसरी. रोजच्या जेवणाला मात्र त्या गावांतले लोक दोल्चेत्तो किंवा बार्बेरा या तिथल्या दुसऱ्या लाल वाइन उघडतात. बार्बेराची बदनामी तर किआंतीहून भयंकर कारणाने झाली. 1986 साली काही भामट्यांनी स्वस्त वाइनची तीव्रता वाढवण्यासाठी तिच्यात मिथेनॉल मिसळले आणि वीसहून अधिक माणसे दगावली, अनेकांची दृष्टी गेली. मुंबईत मालवणीला 2015 साली काय घडले हे ज्यांना आठवते त्यांना मिथेनॉलबद्दल अधिक सांगायला नको. इटलीच्या वाइनची निर्यात त्या वर्षी कोसळली. पिएमोंतेतल्या रोक्केत्ता तानारो गावच्या जाकोमो बोलोन्या यांनी त्याच दशकात उत्तम बागेतल्या बार्बेराला नव्या पिंपांत मुरवून तिचे नाव सावरायला हातभार लावला, ही त्या काळ्या वर्षांतली जमेची बाजू.

लाम्ब्रुस्कोवर झालेला अन्याय मला सर्वांत जास्त खटकला. एमिलिया प्रांतात, मोदेना आणि रेज्जोच्या आसपास होणारी ही फेसाळ लाल वाइन मुळात कोरडी असते. तिचे एकच एक वाण नसून वाणांचे कुटुंबच आहे. सोर्बाराची फिकट, गुलाबी आणि लिंबासारखी आंबट, तर कास्तेल्वेत्रोकडची ग्रास्पारोस्सा काळसर आणि तुरट. मोदेनाजवळच्या एका साध्या खानावळीत ती पेल्याऐवजी पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यात पुढे आली. ओतताना गुलाबी फेस काठापर्यंत चढला आणि क्षणात बसला, आणि वाडग्याच्या पांढऱ्या कडेवर जांभळी रेघ राहिली. सोबत डुकराच्या चरबीत तळलेले न्योक्को फ्रित्तो होते, आपल्या पुऱ्यांसारखे फुगलेले, आणि त्यांवर ठेवताच उष्णतेने पारदर्शक होणारे मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे काप. एमिलियाचा सारा स्वयंपाक लोणी, चरबी, पार्मेझान चीज आणि डुकराच्या मांसावर उभा आहे. तिथे प्रत्येक घासानंतर तोंड स्वच्छ करणारे काहीतरी लागते आणि ते काम फेस, आम्ल व थोडासा तुरटपणा मिळून करतात. (जाता जाता: पार्मेझानमध्ये वासराच्या पोटातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरलेले असते. लेखात ते शाकाहारी पदार्थांच्या यादीत आले आहे. कडक शाकाहारी वाचकांनी सावध राहावे.)

गोड लाम्ब्रुस्को जगभर पोहोचली ती रेज्जोच्या रिउनिते या सहकारी संस्थेच्या निर्यातीमुळे. 1970 आणि 80 च्या दशकांत ती अमेरिकेत सर्वाधिक खपणारी आयात वाइन होती, आणि तिची चव तिथल्या थंड पेयांची सवय असलेल्या ग्राहकासाठी मुद्दाम गोड राखलेली होती. यातली गंमत अशी की ती आयात करणाऱ्या बान्फी कंपनीने त्या नफ्यातून 1978 साली तोस्कानातल्या मोंताल्चिनो येथे जमीन घेतली आणि तिथे ब्रुनेल्लो या तिथल्या लाल वाइनची प्रचंड मालमत्ता उभी केली. म्हणजे ब्रुनेल्लो या प्रतिष्ठित नावाच्या जगभरच्या प्रसारात, लेखकाने हेटाळलेल्या त्या सरबताचा पैसा आहे. सोआवेची गोष्टही याच वळणाची आहे, फक्त पांढऱ्या रंगातली: टेकड्यांवरची जुनी हद्द, मग सपाटीवर पसरलेली नवी हद्द आणि मग सुपरमार्केटमधला खालचा कप्पा.

हे सगळे मराठी वाचकाला कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारेल. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात मोहिते-पाटील कुटुंब, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांच्या भागीदारीत फ्रातेल्ली वायनरीच्या बागा उभ्या राहिल्या, तिथे तोस्कानाचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली सांजोवेझे लावली गेली आणि तिची वाइन आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळते. तिची तुलना लगेच किआंतीशी करण्याचा मोह होतो, पण ती रास्त नाही. तोस्कानातली वेल हिवाळ्यात झोपते, तिची वर्षातून एकदा छाटणी होते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि घड फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकतात. वाण तेच असले तरी आम्ल, साखर आणि टॅनिन यांचे गणित वेगळे पडते. ती आपल्या ताटाशी ताडून पाहावी. मिरचीच्या जाळाला टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकवतात, त्यामुळे तांबड्या रश्श्याबरोबर बारोलो उघडणे म्हणजे महागड्या बाटलीचे नुकसान आहे. तिथे किंचित गोड, थंड आणि फेसाळ लाम्ब्रुस्को कितीतरी बरी. सांजोवेझेला खोबरे-कांद्याच्या वाटणाचे, तिखट बेताचे असलेले सुके मटण किंवा भरली वांगी अधिक मानवतात, असे माझे मत आहे. इतरांनी ते खोडून काढावे. नावाच्या हद्दीचा प्रश्नही आपल्यापासून दूर नाही. नाशिक खोऱ्याच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, आणि दुसरीकडे गोव्यात पोर्ट या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड वाइनचा पोर्तुगालच्या दोरू खोऱ्याशी नावापलीकडे संबंध नाही.

लेखाच्या अखेरीस पुढचा भाग सिसिलीवर असेल असे म्हटले आहे. त्याबद्दल लेखकांना माझी विनंती अशी की सिसिलीतल्या मार्साला बंदराच्या नावाच्या वाइनचा उल्लेख तिरामिसू या गोड पदार्थाच्या कृतीपुरता येऊ नये. जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने 1773 पासून ती मद्यार्क घालून टिकाऊ करून इंग्लंडला पाठवायला सुरुवात केली, ब्रिटिश सेनानी नेल्सनच्या आरमाराने ती जहाजांवर भरून घेतली, 1833 पासून विंचेंत्सो फ्लोरिओने इंग्रजांच्या मक्तेदारीत इटालियन भांडवल घुसवले आणि 1860 साली इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी आपल्या हजार स्वयंसेवकांसह उतरला तो याच बंदरात. पुढे अंडे, बदाम, कॉफी अशा स्वादांच्या बाटल्यांना हे नाव लावू दिल्यामुळे ती स्वयंपाकघरातल्या फडताळात जाऊन पडली, आणि 1984 साली नियम कडक होईपर्यंत तिथेच राहिली. मार्को दे बार्तोली यांनी 1980 च्या सुमारास मद्यार्क न घालता, पिंपांतून पिंपांत मुरवत नेण्याच्या जुन्या पद्धतीने वेक्किओ साम्पेरी केली, तेव्हा कायद्याने तिला मार्साला म्हणता येत नव्हते. कोरडी, वेर्जिने प्रकारची जुनी मार्साला थंड करून खारवलेल्या बदामांबरोबर किंवा मुरलेल्या पेकोरिनो चीजबरोबर घ्यावी, हे लेखात अवश्य यावे, आणि एत्ना ज्वालामुखीच्या काळ्या लाव्ह्यावरच्या नेरेल्लो मास्कालेझे या द्राक्षाला दोन परिच्छेद तरी मिळावेत.

आपली नम्र,
एक वाचक,
कोथरूड, पुणे